रिकामा स्लॉट

ब्लाउजच्या कापडाला कात्री लावताना माझा हात कधी अडत नाही. समोर कुणाच्या लग्नाचं रेशीम असो की रोजच्या वापरातलं सुती, खडूची रेघ मारली की मी कापून मोकळी होते. अशी मी, पण एक लॅपटॉप घ्यायचा म्हटल्यावर आख्खा आषाढ नुसती तळमळत काढला. मशीनवर बसलं की फोन उघडावासा वाटायचा आणि फोन उघडला की मशीनवरचं काम डोळ्यांसमोर यायचं. एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच बेतल्या. नवशिकी होते तेव्हासुद्धा माझ्या हातून असं झालं नव्हतं. कापड थोडं शिल्लक होतं म्हणून निभावलं, पण स्वतःवरच इतकी चिडले की त्या दिवशी कुकरला शिट्टी लावायची विसरले.

आम्ही मूळचे शिंपी. आमचे लोक म्हैसूरला नेमके कधी आले ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. येताना विठ्ठल आणला आणि मराठी आणली. विठ्ठल आहे तसा राहिला, मराठी मात्र इथे राहून निम्मी कन्नड झाली. माझी त्यातल्या त्यात बरी आहे ती नवऱ्यामुळे. तो कोल्हापूरचा, इथल्या एका कारखान्यात नोकरीला आला, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याने माझं बोलणं दुरुस्त करण्यात घालवली. पुढे दमला. कुवेंपुनगरात आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं आणि दुपारी त्याच खोलीत मी बायकांना कटिंग शिकवते.

लॅपटॉपचं खूळ सुरू झालं ते या शिकवण्यावरून. माझ्याकडे दोन बाया लांबून यायच्या, एक एच. डी. कोटेहून आणि एक कृष्णराजनगरहून. बसने यायचं, बसने जायचं, घरचं सगळं उरकून निघायचं. कोटेची बाई पोचायची तोवर मी मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाहीच्या गोलाईपर्यंत, आलेली असायचे, आणि कृष्णराजनगरची बाई पाठगळा काढायच्या आधीच चप्पल शोधायला लागायची, कारण पुढची बस चुकली की घरी सासूचं तोंड फुगलेलं. शेवटी दोघींनी मिळून सांगितलं की मॅडम, ऑनलाइन शिकवा, आम्ही फी देतो पण बस आता नको. मग मी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून वर्ग सुरू केला. त्यात एकतर माझा हात दिसायचा, नाहीतर खडूची रेघ दिसायची. दोन्ही एकदम कधी दिसलं नाही.

एवढंच असतं तर मी कुठलाही लॅपटॉप घेतला असता. पण मध्यंतरी एक भानगड झाली. माझी मुलगी बंगळुरूला नोकरी करते, सुट्टीला घरी येते आणि येताना ऑफिसचा लॅपटॉप घेऊन येते. त्यावर तिने मला कपड्यांचे ड्राफ्ट काढायचं एक सॉफ्टवेअर चालवून दाखवलं, फुकटचं, काही दिवस वापरायला मिळतं तसं. मी त्यात कटोरी ब्लाउजचा पुढचा भाग काढला. मग छातीचं माप बदललं, आणि बघते तर मुंढा सरकला, टक सरकले, गळ्याची गोलाई आपली आपण जुळून आली. आयुष्यभर ज्या रेघा मी प्रत्येक बाईसाठी नव्याने काढत आले, त्या एक आकडा बदलल्यावर हलल्या. मला अक्षरशः घाम फुटला. मुलगी म्हणाली, "चांगलं आहे ना?" मी म्हटलं, "बरं आहे." पण मनात त्याच क्षणी पक्कं झालं होतं की मापाप्रमाणे ड्राफ्ट काढायचे, ते खऱ्या आकारात छापायचे, आणि खेड्यापाड्यात शिवणाऱ्या बायकांना पाठवायचे. त्यांनी कागद ठेवायचा आणि कापायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. घरातले हसले असते असं नाही, पण त्यांनी प्रेमाने मान डोलावली असती आणि ते मला हसण्यापेक्षा वाईट वाटलं असतं.

मी पन्नाशीला टेकलेली बाई. तेव्हा खरा प्रश्न लॅपटॉपचा नव्हताच. माझ्यात अजून वाढ किती धरायची, हा प्रश्न होता, आणि तो मी फोनवरच्या व्हिडिओंना विचारत बसले होते.

ते व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणायचं. सगळी पोरं घाईत बोलतात, बोलताना हात हलवतात आणि शेवटी काहीच सांगत नाहीत. एक म्हणतो या किमतीत याच्यासारखा दुसरा नाही. दुसरा म्हणतो याला हात लावू नका. तिसरा दोन्ही म्हणतो. प्रोसेसरच्या पिढ्या, रॅम, एसएसडी, स्क्रीनचे निट्स. हळूहळू मला त्यातलं कळायला लागलं, आणि कळायला लागल्यावर तर मी जास्तच बिघडले. भाजी निवडताना मी नवऱ्याला विचारायचे, "अहो, आठ जीबी पुरेल का हो?" आणि तो म्हणायचा, "कशाला पुरेल?" तिथे माझं घोडं अडायचं. कशाला ते मी सांगत नव्हते.

एका रविवारी नवऱ्याने वैतागून स्कूटर काढली. "चल, आज घेऊनच यायचा," म्हणाला, "नाहीतर तू मला पण उसवून ठेवशील." शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे माझ्या बजेटमध्ये बसणारा एक लॅपटॉप ऑफरमध्ये लावला होता. रुपेरी, पातळ, उचलला तर वजनच जाणवत नव्हतं. प्रोसेसर ताजा, एसएसडी भरपूर, कॅमेरा स्वच्छ. सगळे व्हिडिओवाले ज्याला एकमुखाने बरा म्हणायचे असा तोच एक. विकणारी मुलगी गोड होती, घाई करत नव्हती. मी पर्समधून मोरपंखी रेशमाचा एक तुकडा काढला. त्याच तुकड्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, तो तिला स्क्रीनवर उघडायला लावला आणि तुकडा शेजारी धरला. स्क्रीनवर मोरपंखीचा फिका निळा झाला होता, चार धुण्यांनंतर होतो तसा. मग मी शेजारच्या लॅपटॉपवर बघितलं, त्याच्या शेजारच्यावर बघितलं. या किमतीतल्या सगळ्यांवर मोरपंखी मेलेलाच होता. नवरा दुसरीकडे बघू लागला. विकणारी मुलगी मात्र तुकडा हातात घेऊन विचारत होती की हे कापड कुठे मिळतं.

"रंग मी डोळ्यांनी बघेन," मी म्हटलं. "हे सांग, याच्या आत पुढे रॅम वाढवायला जागा आहे का?"

ती कन्नडमध्ये म्हणाली, "नाही मॅडम, यात रॅम बोर्डवरच जोडून येते. आठ ती आठच. पण तुमच्या वापराला पुरते." मग तिने विचारलं, "कशासाठी हवाय?" मी म्हटलं, "ऑनलाइन क्लास." ती हसली. "मग तर पुरून उरेल."

का कोण जाणे, ते मला लागलं. तिने काही वावगं म्हटलं नव्हतं. पण मी तिच्याकडून तुकडा घेऊन पर्समध्ये टाकला आणि "नंतर बघू," म्हणून चालू लागले.  परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

त्या आठवड्यात हे "पुरे" मला जिथे तिथे ऐकू यायला लागलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सुम्ने टेन्शन घेतेस. तुला तेवढा साकु. तू काय गेमिंग करणार आहेस का?" आमच्याकडे उगाचला सुम्ने आणि पुरेला साकु म्हणतात, कन्नडमधलेच शब्द, तोंडात बसलेले. शेजारीण म्हणाली, "तुम्हाला कशाला मोठा?" नवरा म्हणाला, "आपल्या वयाला काय, झूम चाललं म्हणजे झालं." आपल्या वयाला! त्याचे केस गेले म्हणून माझंही वय झालं होय? मी त्या दिवशी मशीनचा पेडल इतका दाबला की दोरा तुटला, परत ओवला, परत तुटला. सगळे खरं बोलत होते. मी आज जे करत होते त्याला तो रुपेरी लॅपटॉप पुरत होता. माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं, फक्त राग होता.

तेवढ्यात श्रावणातला सप्ताह तोंडावर आला. आमच्या विठ्ठलाच्या देवळात गोकुळाष्टमीला धरून भजनाचा सप्ताह असतो आणि त्यासाठी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नवा पांढरा शर्ट लागतो. अप्पांनी जन्मभर पुरुषांचे कपडे शिवले. पेठेतलं दुकान त्यांनी बंद केलं त्याला बराच काळ झाला. आई गेल्यापासून भावाकडे असतात, जुन्या घरात, आणि त्यांची पायमशीन खिडकीशी झाकून ठेवलेली असते. हाताला कंप आल्यापासून त्यांचे कपडे मी शिवते. मी कापड घेऊन गेले तेव्हा ते जेवायला बसले होते. भावजय वाढायला वाकली तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "साकु," म्हणाले. ताटात भात वाटीभर होता. भावजयीने माझ्याकडे बघितलं. हे रोजचंच झालंय, असं तिच्या बघण्यात होतं.

जेवण झाल्यावर मी माप घ्यायला टेप काढली. अप्पा उभे राहिले. मागच्या शर्टापेक्षा माप इतकं कमी भरलं होतं की मी टेप पुन्हा लावली.

"खुंटीवरचा जुनाच घालू की," मी म्हटलं, "उसवून आत घेते. नवा कशाला लगेच?"

"त्यात आत काय नाही," अप्पा म्हणाले.

मला कळेना, आत घ्यायला आत काही असावं लागत नाही. मी खुंटीवरचा शर्ट काढला आणि उलटा केला. हा शर्ट त्यांनी स्वतः शिवलेला शेवटचा, हात थरथरायला लागायच्या थोडा आधीचा. बगलेची शिवण बघितली आणि मी खुर्चीत बसले.

इथे जरा सांगायला हवं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे अंग वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. सगळेच शिंपी माया सोडतात, पण अप्पांचा त्यात एक कायदा होता आणि तो आमच्या घराण्यातला होता. लहान मुलांच्या कपड्यात माया सगळ्यांत जास्त, शाळेच्या चड्डीच्या कडेला तर अख्खी दुसरी चड्डी निघेल एवढी. नवरीच्या ब्लाउजला दोन बोटं. नव्याने नोकरीला लागलेल्या पोराला त्याहून थोडी कमी, "हा आता हॉटेलात जेवणार" म्हणून. चाळिशीच्या पुढे बोटभर. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की अप्पा टेप लावायच्या आधी त्याला नजरेने जोखायचे, आणि ह्याच्यात अजून किती वाढ आहे ते ठरवायचे. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नसे. ते बाहेरचा शर्ट बघून खूश असायचं. आत किती सोडलंय ते अप्पांना ठाऊक आणि पुढे कधी उसवणाऱ्याला.

त्या शर्टात काहीच सोडलेलं नव्हतं. शिवण मारून कडा कात्रीने साफ कापल्या होत्या, अगदी टिपेपर्यंत. मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्यांचे कपडे अप्पा असे शिवायचे. मी दुकानात बसून ते शिकले होते, त्यामुळे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अप्पांनी स्वतःला जोखलं होतं, आणि तेही हात चालत होता तेव्हाच.

"हे काय अप्पा?" माझा आवाज चढला.

"काय काय?"

"माया कुठे आहे?"

"अय्यो, मला कशाला ग ती? हे आंग काय आता वाढतंय?" ते हसले, दात नसलेल्या बाजूने. "नव्याला पन सोडू नको. कापड वाया. सुम्ने शिवणीत टोचतंय. साकु."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो संताप. मी शर्ट घडी न करताच खुंटीला अडकवला, टेप गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. अप्पांना वाटलं मी दुसऱ्याच कशावर चिडलेय. विषय बदलायला त्यांनी विचारलं, "ते काय ते मशीन घेतीस म्हने? कॉम्प्युटरचं?"

"लॅपटॉप."

"मग घेतलीस काय?"

"नाही."

"का ग?"

आणि का कोण जाणे, जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते मी अप्पांना सांगून टाकलं. ड्राफ्टचं, एक आकडा बदलला की रेघा हलतात त्याचं, कोटेच्या आणि कृष्णराजनगरच्या बायकांचं. अप्पांना त्यातलं किती कळलं देव जाणे. रेघा आपोआप हलतात हे त्यांना बिलकुल पटलं नाही. "खडू कोण धरतंय मग?" एवढंच दोनदा विचारलं आणि ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. मी त्यांच्याकडे बघत बसले. मान कलली होती, आणि जुन्या शर्टाच्या कॉलरमधून गळा एखाद्या पोराचा दिसावा तसा दिसत होता. साकु म्हणायला या माणसाला कुणी शिकवलं? आम्हीच तर. भात थोडाच वाढा, जिना चढू नका, दुकान पुरे झालं, हात कापतो तर मशीन झाका. प्रत्येक वेळी त्यांच्या भल्याचंच बोललो. ते शहाण्यासारखे ऐकत गेले, आणि शिवणी आतून कापत गेले.

बसमध्ये बसले तेव्हा माझं डोकं एकदम थंड होतं. कुवेंपुनगर येईपर्यंत मी फोनवर एकही व्हिडिओ बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा कारखान्यातून आला तसं मी त्याला म्हटलं, "चला." ऑफर संपत आली होती, त्यामुळे त्याने चहासुद्धा मागितला नाही. दुकानात तीच मुलगी होती. तिने मला ओळखलं, किंवा तुकड्याला ओळखलं. रुपेरी लॅपटॉप तिने आपणहून पुढे केला.

"मला वाढवायला जागा असलेला दाखव," मी म्हटलं. "याच किमतीत."

तिने थोडी शोधाशोध केली आणि मागच्या रॅकवरून एक काळा काढला. जाड होता, हातात घेतला तर मनगटाला कळेल असा. प्रोसेसर एक पिढी मागचा, बॅटरी त्या रुपेरीहून कमी टिकणारी, कॅमेऱ्यात माझा चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसत होता. मोरपंखी याच्यावरही निळाच. तिने आतला तपशील उघडून मेमरीच्या पानावर नेलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दोनपैकी एकच स्लॉट वापरात आहे. एक जागा रिकामी. पुढे कधी हवं तेव्हा दुसरी रॅम आणून तिथे बसवायची, की हाच लॅपटॉप दुप्पट काम उचलणार.

नवऱ्याने बंगळुरूला आमच्या मुलीला फोन लावून माझ्या हातात दिला. ती पलीकडून ओरडत होती. "आई, तो जुना प्रोसेसर आहे! आजच्या घडीला तो दुसराच फास्ट आहे. तू फक्त पुढे कधीतरी लागेल म्हणून आज स्लो घेतेस? लॉजिक काय?"

लॉजिक तिचंच बरोबर होतं, आणि हे मी आजही मान्य करते. कुणी आज लॅपटॉप घेऊन आजच वापरणार असेल तर त्याने तो रुपेरीच घ्यावा.  शेवटी मी सगळं त्या दुकानात, काउंटरपाशी उभं राहून, फोनवर सांगितलं. ड्राफ्ट काढून विकायचे आहेत. छापायचे आहेत. वर्ग चालू असताना बाजूला ड्राफ्ट उघडा लागणार, तेव्हा आठ जीबी धापा टाकणार हे मला आजच दिसतंय. आज लॅपटॉप आणि जास्तीची रॅम एकदम घेणं जमत नाही, पण मी तिथवर जाणार आहे. जाणार नाहीये असं धरून मी वस्तू घेणार नाही.

 मग मुलगी म्हणाली, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस तुला साकु."

नवरा शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने मान डोलावली नाही. खिशातून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि विकणाऱ्या मुलीला मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "बॅग फ्री आहे का?"

लॅपटॉप घरी आला म्हणून मी शांत झाले असं काही नाही. पहिल्याच वर्गाला त्याचा पंखा असा घोंघावू लागला की कोटेच्या बाईने विचारलं, मॅडम, तुमच्याकडे पाऊस आहे का. सुरू व्हायला वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात मला त्या रुपेरीची हटकून आठवण होते. नवरा जाता-येता त्याच्या पाठीवर टिचकी मारतो आणि विचारतो, "काय, रिकामीच का अजून जागा?" रिकामीच आहे. आता दसऱ्याचे ब्लाउज तुंबतील, म्हणजे आणखी काही काळ रिकामीच राहील. मला तिची रोज धास्ती वाटते. मी बोललेलं मी करणार की नाही, असं ती मला विचारत असते. आधीची तळमळ वेगळी होती, ही वेगळी आहे. हिच्यात निदान मला ठाऊक असतं की मी कशासाठी तळमळते आहे.

अप्पांचा शर्ट मी लॅपटॉप आणला त्याच आठवड्यात बेतला. पांढऱ्या कापडावर निळा खडू धरला आणि त्यांच्या मापाची रेघ मारली. मग तिच्या बाहेर दुसरी मारली, दोन बोटं सोडून, नवरीच्या कपड्याला सोडतात तेवढी. त्या वयाच्या माणसाच्या शर्टात एवढी माया आमच्या घराण्यात कुणी सोडली नसेल. शिवणी नीट दाबून इस्त्री केली, टोचू नये म्हणून कडा दुमडून घेतल्या.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी शर्ट घेऊन गेले. अप्पा आंघोळ करून तयार बसले होते, कपाळाला गंध लावून. मी शर्ट पुढे केला. त्यांनी तो अंगात घातला नाही. आधी बगलेत बोटं घातली. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, पण शिवणीची जाडी त्यांच्या बोटांना कळायला क्षणसुद्धा लागला नाही. बोटं शिवणीवरून खाली कंबरेपर्यंत गेली, परत वर आली, कंप पावत. भावजय दारात उभी होती.

"एवढं कशाला सोडलीस?" त्यांनी विचारलं.

"असू दे," मी म्हटलं. "लागलं तर."

मला वाटलं, आता कात्री मागतात. मी वाद घालायला तयार होऊन आले होते, वाटेत सगळं ठरवलंही होतं. पण अप्पांनी हात वर केले, तेव्हा मी शर्ट चढवला आणि बटणं लावली. बाहेरून तो त्यांना नेमका बसला होता, कुठे सुरकुती नाही. त्यांनी छातीवरून हात फिरवला, मग पुन्हा एकदा बगलेत बोट घालून आतलं कापड चाचपलं.

"बरं मग," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी सप्ताहाला उसवून दे. तोवर जरा जेवून बघतो."

मी म्हटलं, "देते."